मंगळवार-शुक्रवारची बेन

मंगळवार आणि शुक्रवार. या दोन दिवशी सकाळपासून माझं चित्त काही थाऱ्यावर नसायचं. फळ्यावर गणितं लिहायची आणि मान वळवून फाटकाकडे बघायचं, परत लिहायचं, परत बघायचं. लूनाची फटफट ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा. नाही आली की माझी चिडचिड सुरू, आणि ती निघायची समोरच्या पोरांवर. पोरंही बेरकी. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, "बाई, आज बेन नाही आली वाटतं," आणि अख्खा वर्ग खुसखुसायचा. मग मी डस्टर आपटायची.

मुळात मला एका जागी बसवतच नाही. आमचे हे म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे, झोपेतसुद्धा बाजारात जाऊन येत असेल. लग्न होऊन भुसावळहून सुरतेला आले आणि महापालिकेच्या मराठी शाळेत लागले. शाळा पर्वत पाटियाच्या पुढच्या वस्तीत. वस्ती सगळी यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, बहुतेक धुळे-जळगावकडून आलेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, आणि पोरं आपसात भांडायला लागली की हिंदी. प्लेगच्या वेळी निम्मी वस्ती गावाकडे पळाली होती, ती परत येऊन स्थिरावली होती, त्या सुमाराची ही गोष्ट.

शाळेत आम्ही सगळ्या 'बाई'. ती एकटी 'बेन', कारण ती गुजराती. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना शिकवायचं तिचं काम, आणि त्यासाठी सरकारनं तिला सात-आठ शाळा दिलेल्या. दोन दिवस आमच्याकडे, बाकीचे दिवस इतर ठिकाणी, त्यातली एक शाळा तर पार कामरेजला. एक बेन, एक लूना आणि लूनावर पायांपाशी ठेवलेली एक पत्र्याची पेटी. विशेष शिक्षण, विशेष शिक्षण म्हणून जो काही गाजावाजा असायचा, तो आमच्या भागापुरता त्या पेटीत मावायचा. पेटीत आरसा, फुगे, चित्रांचे पुठ्ठे, एक डमरू आणि कानाची दोन मशीनं.

पहिल्यांदा आली तेव्हा तिनं वर्गावर्गात जाऊन विचारलं, ऐकू न येणारं कोणी आहे का. मी म्हटलं, "छे, माझ्याकडे सगळे ठणठणीत." ती हसली. मग तिनं एक पुस्तक तोंडासमोर धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पाटी काढा." साठ पोरांनी पाट्या काढल्या. खिडकीजवळची एक पोरगी मात्र आधी शेजारणीकडे बघून मग दप्तरात हात घालत होती. बेननं पुस्तक तसंच धरून सांगितलं, "पाटी ठेवा." परत तेच. शेजारणीची पाटी आत गेली, मग हिची गेली.

तिसरीत होती ती. मी तिला कॉपी करणारी म्हणून ओळखत होते. आता वाचणारा म्हणेल, काय मास्तरीण आहे, वर्गातली बहिरी पोर ओळखता येईना! अहो, ओळखणार कशी? त्या वस्तीत सगळेच ओरडून बोलतात. बारा-बारा तास मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या बापाचे कान तसेही अर्धे गेलेले असतात. तिथे मागांमध्ये हाक मारली तर ऐकूच येत नाही, म्हणून माणसं हातांनी बोलतात. चहा आणू का, धागा तुटला, मालक आला, सगळं हातानं. घरी आल्यावरही तीच सवय. बाप पोराला हातानं बोलावतो, आई लांबूनच हातानं सांगते की भात झाला. अशा घरात एखादं लेकरू मुळीच ऐकत नसलं, तरी त्याचं कुठं काय अडतं? 'बापावर गेलंय' म्हणायचं आणि गप्प बसायचं. लोक कुणाला फसवत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं.

ही पोरगी तर मागांच्या खात्यावरच राहायची. खालच्या मजल्यावर खातं, म्हणजे माग चालायचे ती मोठी खोली, आणि वर भाडेकरूंच्या खोल्या. पोरगी ऐकत नाही असं मी तिच्या आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं मलाच वेड्यात काढलं. म्हणाली, "हिले आयकू येस, बाई! खाली माग बंद पडले की झोपेतून दचकून उठते. ऐकू येत नसतं तर तिला कसं कळलं असतं?" मला ते पटलं. मी तसंच जाऊन बेनला सांगितलं. बेननं पेटीतून फुगा काढला, फुगवून माझ्या दोन्ही हातांत दिला आणि त्याला तोंड लावून काहीतरी म्हणाली. माझे तळवे झिणझिणले. "बाई, एना पगने खबर पडे छे," ती म्हणाली. पोरीच्या पायांना कळतं. जन्मापासून तिच्या अंगाखालची जमीन थरथरत होती. थरथर थांबली की ती जागी व्हायची.

मी फुगा तेवढा फोडला. मुद्दाम नाही, हातातच फुटला. बेन म्हणाली, "बाई, सरकारी फुगा छे!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

तर असं सुरू झालं. शाळेच्या मागच्या बाजूला मोडक्या बाकांची एक खोली होती. ती मी झाडून घेतली. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, किल्ली द्यायला तयार नव्हते, बाकांची नोंद आहे म्हणे. मी म्हटलं, बाकांना मी काही चावत नाही. दिली शेवटी. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी बेन बसायची, आमची ही पोरगी आणि आसपासच्या शाळांतून आणलेली आणखी काही मुलं घेऊन.

पण बेनचं घोडं अडायचं मराठीपाशी. हाताखाली सगळी मराठी घरांतली मुलं, आणि हिला मराठी येतं मोडकं. एकदा चिमणीचं चित्र धरून आरशासमोर आपल्या गुजरातीत 'चकली, चकली' करत बसली. मी दारातून ओरडले, "बेन, ती चिमणी! चकली आम्ही दिवाळीत खातो." त्या दिवसापासून ठरलं की ती सांगणार उच्चार कसा काढायचा, आणि शब्द मी पुरवायचे. म्हणजे त्या दोन दिवशी मी अर्धा वेळ तिकडे, आणि माझे साठ जण मॉनिटरच्या हवाली. गुरुजी व्हरांड्यातून फेऱ्या मारत म्हणायचे, "बाई, एका पोरीसाठी सगळा वर्ग वाऱ्यावर सोडला तुम्ही." मी म्हणायची, "मग द्या आणखी एक बाई." ते म्हणायचे, "आणू कुठून? वर लिहितो." लिहीत असतीलही. आमच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक बाई असायची कधीकधी, तिथे कानाच्या पोरांसाठी कोण देतंय! गुरुजींचंही चुकत नव्हतं, पण त्यांच्या त्या फेऱ्या बघितल्या की माझं डोकं सणकायचं.

प म्हणताना पोरीच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, पट्टी उडाली की प आला. म म्हणताना बोट नाकाच्या कडेला. ब साठी हात गळ्यावर, आधी बेनच्या गळ्यावर, मग स्वतःच्या. तासन्‌तास तेच. मला कंटाळा यायचा, माझा पाय हलत राहायचा, मधेच उठून वर्गावर ओरडून यायची. बेन मात्र डोंगरासारखी बसून. ती एका ब पायी आठवडे घालवायची. घरच्यांना तिनं सांगितलं होतं, हातांनी बोलू नका, तोंड दाखवून बोला. पोरीचा बाप मिस्कील. तो मला म्हणाला, "बेनला सांगा, हात खाली ठेवले तर माग काय माझा सासरा चालवील?"

कानाचं मशीन म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, कापडी पिशवीत घालून छातीवर बांधायची, आणि तिची वायर कानात. त्यातला सेल संपला की पुढचा यायला महिना जायचा. मी एकदा गुरुजींच्या ट्रान्झिस्टरमधले सेल काढले. क्रिकेटची मॅच होती त्या दिवशी. काय आरडाओरडा! मी साळसूदपणे म्हटलं, "गुरुजी, उंदरांनी नेले असतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोरीच्या छातीवरच्या डबीकडे बघितलं आणि पानवाल्याकडे स्कोअर ऐकायला निघून गेले.

आणि मग एका शुक्रवारी ती बोलली. मी दारात उभी राहून माझ्या वर्गाला दम देत होते. मागून आवाज आला, जाड, खरखरीत, घशातून ओढून काढलेला. "बा. ई." मी वळले. पोरगी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. कोणी सांगितलं नव्हतं, आरसा नव्हता समोर, तिला मला काहीतरी दाखवायचं होतं म्हणून तिनं हाक मारली होती. मी रडले. सरळ सांगते, भडाभडा रडले, आणि मग रडताना वर्गातल्या पोरांनी बघितलं म्हणून त्यांना पाढे लिहायला लावले.

त्यानंतर माझी झोपच गेली म्हणा ना. आता हिचं थांबता कामा नये, एवढंच डोक्यात. आणि थांबायची भीती खरी होती. बेनचं पद वर्षावर होतं, दरवर्षी नव्यानं ठरायचं. हाताखाली ठरलेली संख्या भरली तर बेन पुढच्या वर्षी आमच्याकडे, एक जरी मूल कमी पडलं तर तिला उचलून हजीऱ्याकडच्या शाळांत टाकणार. परीक्षांच्या आधी कचेरीतून साहेब येऊन एकेका मुलाला तपासणार आणि ठरवणार. बेन हे सगळं शांतपणे सांगायची. मला शांतपणा जमत नाही. मी चपला घातल्या आणि गल्ल्या फिरायला लागले.

नाकी नऊ आले. सगळ्या वस्तीत कानांची बोंब, आणि कोणी कबूल होईना. "आमच्या पोराला काय धाड भरलीय?" "बाई, तुम्ही मास्तरीण आहात का डॉक्टरीण?" एका आजीनं तर मला दारातूनच हाकललं, म्हणाली पोरगी लग्नाची आहे, तिच्यावर शिक्का मारू नका. मी गोड बोलले, भांडले, खोटंही बोलले. बेन आली की मुलं इंग्रजी शिकतात असंही एकीला सांगितलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, इथे ज्याचं जळत होतं तोच म्हणत होता की धूर कुठे आहे. शेवटी कशीबशी संख्या भरली. काठोकाठ. एकही वरती नाही.

काही मुलांची मोठ्या सरकारी दवाखान्यात मशीनवर तपासणी झाली होती, म्हणजे त्यांचा प्रश्न नव्हता. आमच्या पोरीची झाली नव्हती. तिच्या आईला मी दहादा म्हटलं असेल, चल, मी येते बरोबर. आज काय पाहुणे आलेत, उद्या काय नवऱ्याचा खाडा होईल, परवा काय नणंदेचं बाळंतपण. मी म्हटलं जाऊ दे, साहेब स्वतः बघणारच आहेत. हिचं तर लख्ख आहे.

साहेब आले ते भर उन्हाच्या तडाख्यात. माणूस वाईट नव्हता. घामाघूम झालेला, सकाळपासून चार शाळा करून आलेला, अजून दोन बाकी. बेननं सांगितलं, साहेब, मुलांची तपासणी बाहेर अंगणात करू, फरशीवर नको. साहेब म्हणाले, बेन, बाहेर आग पडलीय. आणि आमच्या गुरुजींना उत्साहाचं भरतं आलेलं. कोणी पाहुणा आला की मुलांना वर उभं करून दाखवायची आमच्या शाळेची रीत. त्यांनी सभागृहातला पंखा लावला, आणि लाकडी प्लॅटफॉर्मवर, जिथे स्वातंत्र्यदिनाला गाणी म्हणतात तिथे, मुलं चढवली. आयांना बोलावलं होतं, त्या समोर सतरंजीवर.

लाकूड, आतून पोकळ. मी बेनकडे बघितलं, ती माझ्याकडे. मी गुरुजींच्या कानाशी लागले, "मुलांना खाली घ्या." ते म्हणाले, "बाई, आता साहेबांसमोर तमाशा नको." आधीच्या मुलांना साहेबांनी लांबून हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, ती ढिम्म. सगळं ठीक चाललं होतं. आमची पोरगी शेवटची. मशीन काढून ठेवलं, पाठमोरी उभी केली. साहेब हाका मारून दमले होते. त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला, प्लॅटफॉर्मच्या कडेला आले आणि तिच्या मागे वरून सोडून दिला. धप्प.

पोरगी गर्रकन वळली. आणि हसली. कसं हसली! साहेबांकडे बघून नाही, त्यांच्या पलीकडे कोणाला तरी शोधत.

"ऐकू येतं हिला!" गुरुजीच पहिल्यांदा ओरडले. आयांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई सतरंजीवरून उठून धावत आली आणि पोरीला छातीशी धरून तिच्या डोक्यावरून बोटं मोडायला लागली. बेन साहेबांना सांगत होती, सर, हे आवाजानं नाही, लाकडाच्या थरथरीनं कळलं तिला, परत एकदा बाहेर बघा. मीही सुरू झाले, आणि मी सुरू झाले की माझा आवाज किती चढतो ते विचारू नका. साहेबांनी ऐकून घेतलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बहु सरस." त्यांना खरंच आनंद झाला होता. मग मला म्हणाले, "बाई, इतक्या लोकांसमोर पोरगी वळली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुमचं म्हणणं असेल तर मोठ्या दवाखान्यातून मशीनवर तपासून दाखला आणा. आठवडाभर थांबतो, त्यात आला तर मी संख्येत धरतो." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी गुरुजींशी जे भांडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बेन पेटी आवरत होती. मी म्हटलं, "बेन, तू काही बोल ना! चीड येत नाही तुला?" ती म्हणाली, "बाई, सोमवारे दवाखाने लई जाव एने. बस." खरंच होतं. एका सकाळचं काम. पोरीला रिक्षात घालायचं, दवाखान्यात न्यायचं, मशीनसमोर बसवायचं. तिथे ना लाकूड ना फरशी, कानावर ठोकळे लावतात आणि संपलं. सोमवारी पोरगी दवाखान्यात गेली की बेन राहणार, नाही गेली की बेन जाणार. इतकं सोपं.

घरी आले तर संध्याकाळी वस्तीतून बातमी, पोरीच्या आईनं गल्लीत साखर वाटली. शनिवारी दोन बायका शाळेत आल्या, ज्यांना मी महिनाभर मिनतवाऱ्या करून तयार केलं होतं त्या. म्हणाल्या, बाई, आमच्याही पोरांना त्या लाकडावर उभं करा ना. साहेबांकडून म्हणवून घ्या ना. मला हसावं का रडावं कळेना. मी त्यांच्यावर खेकसले, मग मागे धावत जाऊन माफी मागितली.

रविवारी दुपारी मला घरात बसवेना. यांनी विचारलं, कुठे निघालीस उन्हाची? मी म्हटलं, भांडायला. ते म्हणाले, छत्री घेऊन जा.

खात्याला त्या दिवशी सुट्टी होती, माग बंद. मी जिना चढून गेले. खोलीत पोरीची आई एकटी तांदूळ निवडत बसलेली, बाप कुठे बाहेर. पोरगी तिकडे खिडकीशी पाठमोरी, बाहुलीला चिंध्या गुंडाळत. कानाचं मशीन खुंटीला टांगलेलं. ते बघूनच माझा पारा चढला.

"मशीन का काढलंस तिचं?"

"साहेबांनी सांगितलं ना, बाई, ऐकू येतं म्हणून." ती अहिराणीत बोलत होती, मी आपल्या मराठीत सांगते. तिनं मला पाट दिला. मी बसले नाही.

"अगं बाई, साहेबांना काय कळतं? तिला ऐकू येत नाही. लाकूड हललं म्हणून ती वळली. उद्या सोमवारी तू माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं आहे. रिक्षा मी सांगितली आहे. पाहुणे, खाडा, बाळंतपण, काही ऐकणार नाही मी. तू आली नाहीस तर बेन जाईल. इतकं बोलायला लागली पोरगी, मला हाक मारते, अजून वर्षभर बेन मिळाली तर वाक्यं बोलेल, समजतं का तुला? आणि तू साखर कसली वाटतेस?"

मी हे येरझाऱ्या घालत बोलत होते. ती तांदळातले खडे काढत ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ती मन्ही पोर शे, बाई," ती म्हणाली. "माले ठाऊक नही का?"

मग तिनं उजवी टाच उचलली आणि जमिनीवर मारली. दोनदा. धप्प, धप्प. खिडकीशी बसलेली पोरगी वळली. आणि हसली, तशीच, परवा प्लॅटफॉर्मवर हसली होती तशीच. आईनं तिला हातानं सांगितलं, काही नाही, खेळ. ती परत वळली.

"रांगत होती तेव्हापासून अशीच बोलावते मी तिला," ती म्हणाली. "त्या दिवशी तिला वाटलं, मीच बोलावलं."

मी पाटावर बसले. सहा-सात वर्षं ही बाई सगळ्या जगाला सांगत होती की माझी पोर ऐकते, आणि खोलीत टाच आपटून तिला जेवायला बोलावत होती.

"मग येत का नाहीस दवाखान्यात?" माझा आवाज उतरला होता.

ती म्हणाली, सासू मला म्हणायची, मुकी पोर काढलीस, आमच्या घराण्यात कोणी असं नव्हतं. जाऊ माझ्या पोरीला तिच्या पोरांत खेळू देत नव्हती. परवा साहेबांनी चारचौघांत सांगितलं, आणि काल जाऊ स्वतः येऊन पोरीला बोलावून घेऊन गेली. उद्या दवाखान्याचं मशीन सांगेल की बहिरी आहे. ते कायमचं. मग साहेबांनी सांगितलेलं गेलं. ते घालवायचं आणि त्याच्या बदल्यात काय, तर आठवड्यातले दोन दिवस बेन.

"दोन दिवस का होईना!" मी म्हटलं. "ती बोलायला लागली आहे गं."

"हो," ती म्हणाली. "मला पण 'आ' म्हणते." तिचे डोळे भरून आले होते, तिनं ते पुसले नाहीत. "बाई, मी येते उद्या. तुम्ही म्हणाल तिथे येते, पायी येते. फक्त एक सांगा. पुढला साल बेन येई ना? आणि त्याच्या पुढल्या साली? ही मोठी होईपर्यंत?"

त्या महिन्यांत मी किती खोटं बोलले होते! इंग्रजीचं सांगितलं, उंदरांचं सांगितलं, कोणाला काय नि कोणाला काय. एक 'हो' तोंडातून काढायला मला काय जड होतं? पण मला ठाऊक होतं, बेनचं पद वर्षावर. पुढच्या उन्हाळ्यात परत तपासणी, परत संख्या, एक कुटुंब गावाला निघून गेलं की खेळ खलास. मी बेनला विचारलं होतं, तू कधीपर्यंत आहेस गं? ती म्हणाली होती, बाई, मने पण खबर नथी.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिची पोर बेनच्या ओठांकडे बघायची, अगदी तसं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मंग?" ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढून घेतलं.